सासऱ्यांची भरती, दुखानचं पाणी

मासे खाणारा माणूस आणि मासे पकडणारा माणूस हे दोन वेगळे प्राणी आहेत, हे आमच्या साहेबाला मी शेवटपर्यंत पटवून देऊ शकलो नाही. तो म्हणायचा, "तुम कोकण का आदमी. कोकण मतलब समुंदर. समुंदर मतलब मछली." तीन उड्यांत त्याने मला कोळी करून टाकला होता.

खरं सांगायचं तर आमच्या गावातून समुद्र दिसतसुद्धा नाही. मध्ये दोन डोंगर आहेत. मासळी आमच्याकडे बाईच्या डोक्यावरच्या टोपलीतून यायची, आई कल्ले दाबून तिची परीक्षा घ्यायची, आणि माझा मासळीशी संबंध सुरू व्हायचा तो ताटापासून. गळ म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, पण मला उकडीच्या मोदकांचा साचाही ठाऊक होता. म्हणून काही मी मोदक केले नव्हते.

पण हे सगळं साहेबाला सांगायचं कुणी? पन्नासचं दशक संपता संपता मी टायपिस्ट म्हणून दुखानला गेलो. नवी नोकरी होती. साहेब म्हणेल तो मी, असा तो काळ.

दुखान म्हणजे कतारच्या पश्चिम किनाऱ्यावरची तेलाची वसाहत. कंपनीचे क्वार्टर, कंपनीचं दुकान, कंपनीचा दवाखाना, आणि भोवताली चहाच्या रंगाची सपाट जमीन. संध्याकाळी दूरवर विहिरींवरचा वायू जळत असायचा, त्याने आभाळाची एक कड रोज नारिंगी व्हायची. नवा माणूस त्याला सूर्यास्त समजायचा. मीही समजलो होतो. आठवडाभर मला वाटत होतं, या मुलखात सूर्य दोनदा मावळतो.

साहेब पाइपलाइनवरचा इंजिनिअर. उंच, वाकलेला, कानांवर सोलून गेलेली कातडी. त्याच्या मुलखात म्हणे जिकडे तिकडे तळी. डाकेबरोबर त्याच्याकडे वर्तमानपत्रं यायची, आणि ड्रिलिंगवरचा एक अमेरिकन त्याला आपल्याकडची मासिकं द्यायचा. सगळं शिळं. ऑक्टोबरची बातमी नोव्हेंबरात. गुरुवारी दुपारी, उद्या सुट्टी म्हणून ऑफिस सैलावलं, की साहेब पाय टेबलावर टाकून मासेमारीचं पान मोठ्याने वाचायचा. अमुक तलाव: पातळी उतरलेली, पाणी निवळ, सकाळी धुकं, ऊन वर आलं की ट्राउट काठाशी येतात. तमुक जलाशय: वारा नैऋत्येचा, बंधाऱ्याच्या सावलीत मोठे मासे. बास मासे पाणगवताच्या कडेला, संध्याकाळी, हळू ओढावे.

मी टाइपरायटरवर बोटं ठेवून ऐकत बसायचो. मासे मला दिसायचे नाहीत, पाणी दिसायचं. हिरवं, गोडं, हलत नसलेलं. त्यावर पिवळी पानं पडताहेत. झाडाचं पान पिकून लाल होतं आणि अख्खा डोंगर लाल दिसतो, हे मी त्याच्याकडूनच ऐकलं. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे अंगाला चिकटणारा सदरा. पण त्या खोलीत, भिंतीतलं एअरकंडिशनर खडखडत असताना, बाहेर वाळू उडत असताना, मी कितीतरी गुरुवार धुक्यात काढले. एकदा तर पंप दुरुस्तीच्या पत्रात मी 'निवळ' असा शब्द टाइप केला. साहेबाने तो खोडला नाही.

मग त्याला कल्पना सुचली. आपल्या खाडीचंही असं पान असावं. कंपनीच्या क्लबच्या फळ्यावर दर गुरुवारी लागावं: दुखानच्या पाण्याची अवस्था. वारा कसा, भरती केव्हा, मासा कुठे. आणि ते कोण लिहिणार? समुंदर का आदमी.

मी नाही म्हणालो नाही, कारण एक गोष्ट मला खरोखर येत होती. भरतीची वेळ काढता येत होती. ती मला कशी आली ते सांगायला मला चिखलात उतरावं लागेल.

माझी सासुरवाडी खाडीच्या पलीकडे, अगदी पाण्याच्या काठावर. लग्नाच्या दिवशी आम्ही डोंगराकडची माणसं, घोळक्याने, गात-वाजवत, खाडीशी पोचलो तर खाडीत पाणीच नाही. ओहोटी. होडी चिखलात तिरकी पडलेली, आणि पलीकडच्या काठावर वधूपक्ष हात कमरेवर ठेवून उभा. आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, "थांबू या, येईल." काझीसाहेबांना दुसरीकडे जायचं होतं. शेवटी मी सेहरा एका हाताने वर धरला, दुसऱ्या हाताने तुमान, आणि गुडघाभर चिखलातून लग्नाला गेलो. एक जोडा अजून त्या खाडीत आहे.

सासऱ्यांनी मला पाय धुवायला पाणी दिलं आणि निकाहाच्या आधी बाजूला घेऊन पहिली शिकवण दिली. "बाबा, चांदाची तारीख माहीत असते ना तुला? तिच्यात एक मिळव. त्याची पाऊणपट कर. तितक्या वाजता खाडी तुडुंब. पंधरवडा उलटला की पहिल्यापासून मोज. एवढं आलं की माणूस चिखलात पडत नाही." ते मासेमार नव्हेत. त्यांचं पलीकडच्या तीरावर कौलांचं दुकान होतं, रोज होडीने जायचे. आमच्या किनाऱ्याला हा हिशेब होडीवाल्याला येतो, मास्तराला येतो, लग्न ठरवणाऱ्या बायकांना येतो. सासऱ्यांच्या गावात तो मुलांना पाढ्यांबरोबर शिकवत. माझ्या बायकोला तर तो झोपेतही येत असे.

तर साठ साल उलटलं, मला क्वार्टर मिळालं, आणि सप्टेंबरात बायको बोटीने दोह्याला उतरून दुखानला आली. बरोबर एक ट्रंक, कोकमाच्या सोलांची बरणी, आणि चेहऱ्यावर 'बघू' असा भाव.

दोन खोल्या, जाळी लावलेला व्हरांडा, समोर दुसऱ्या क्वार्टरची भिंत. ताजी मासळी नाही. दुकानात डब्यातली, नाहीतर बर्फात लाकूड झालेली. बायका दोन-तीन. त्यातल्या एक शेजारच्या चाची, मूळच्या रायगडाकडच्या, तोंडाने फटकळ आणि हाताने उदार. त्यांचा नवरा आमच्याच ऑफिसात जुना क्लार्क. पण चाचींचे गुडघे धरले होते, त्या नोव्हेंबरअखेरच्या बोटीने कायमच्या परत जाणार होत्या. चाचा त्यांना पोचवून, रजा संपली की परतणार होते.

बायकोला करमेना. रडली असती तर मला काहीतरी सुचलं असतं. ती रडायची नाही, हळू हळू कमी बोलायची. मी एक दिवस मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो, "चाची जाईपर्यंत बघ. नाहीच रुचलं तर त्यांच्याबरोबर जा. मी काही अडवणार नाही."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, असं काय बोलता. ती म्हणाली, "बरं."

इतक्या लवकर म्हणाली, की माझा आव तिथेच उतरला. त्या दिवसापासून मी चाचींच्या गुडघ्यांची चौकशी फार आपुलकीने करू लागलो.

एका गोष्टीने मात्र ती सावरायची. जेवणं आटपली की व्हरांड्यात बसायची, समोरच्या भिंतीकडे बघत, आणि मधेच म्हणायची, "आता भरली."

"काय?"

"खाडी. आमच्या दारची. बावा आता होडीत बसत असतील." बावा म्हणजे तिचे वडील. मग हाताने आमच्या क्वार्टरांमागे पश्चिमेकडे दाखवायची. "आणि इथलीपण."

"इथलीपण?"

"अहो, चांद एकच ना? समुद्र तोच ना? बोट कुठे जमिनीवरून आली? एका भांड्यातलं पाणी. तिकडे चढलं की इकडे चढणार." आणि भिंतीकडे बघत हसायची. त्या भिंतीवर तिला काय दिसत होतं कोण जाणे. पाण्याची पट्टी वर सरकतेय, पायरी बुडतेय, दोरीला हिसका बसतोय. मलाही दिसायला लागलं. साहेबाचं तळं आणि तिची खाडी यांच्यामध्ये बसून मी त्या दिवसांत जमिनीवर असा फार थोडा वेळ असे.

आमची घरातली बोली मी इथे जरा झाडून-पुसून देतो आहे. तशीच दिली तर डोंगरापलीकडच्या वाचकाला होडी मिळायची नाही.

फळ्यावरचं पहिलं पान मी सासऱ्यांच्या हिशेबाने लिहिलं. दुखानची खाडी: उन्हाळी वाफ सरली, वारा वायव्येचा, हलका. शुक्रवारी पूर्ण भरती सकाळी. मासा भरतीबरोबर काठाशी येईल. शेवटचं वाक्य साहेबाच्या वर्तमानपत्रातून उचललं होतं, फक्त ट्राउट काढून मासा घातला होता. त्याची एक प्रत घरी नेली आणि मराठी करून वाचून दाखवली. ती ऐकून बायकोचा चेहरा जो उजळला! "बावांचा हिशेब साहेबांच्या क्लबात लागला?" तिने ते पान घडी करून ट्रंकेच्या झाकणात ठेवलं.

शनिवारी साहेब ऑफिसात आला. फार सभ्य माणूस. म्हणाला, "कल हम गया. भरती देखने." टोपी खुंटीला अडकवली. "समुंदर नहीं था."

पुढच्या शुक्रवारी मी त्याच्याबरोबर गेलो, आणि पाहिलं. हिशेबाने जी वेळ तुडुंब भरल्याची, त्या वेळी पाणी लांब, चांदीच्या तारेसारखं, क्षितिजाला चिकटून बसलेलं. मध्ये ओली, चकचकीत, नांगरल्यासारखी वाळू, आणि त्यात साहेब, आमिष म्हणून पिसांच्या नाजूक, खोट्या माश्या लावलेली गळाची विलायती काठी हातात घेऊन, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, कोरडा. लांबून तो बगळ्यासारखा दिसत होता. दुखानचं पाणी चांद मानत होतं, पण आमचा पाढा मानत नव्हतं. इथली वेळच वेगळी. संध्याकाळ उतरू लागली तेव्हा ते परत आलं, आवाज न करता, कुणाच्या तरी घरात उशिरा येणाऱ्या जावयासारखं.

आता माझी पंचाईत बघा. फळ्यावर खरी वेळ लिहावी तर पान घरी वाचावं लागणार. आणि घरी वाचलं तर तिच्या बावांचा हिशेब खोटा, आणि त्याहून वाईट, ते एका भांड्यातलं पाणी फुटणार. तेवढ्या एका धाग्यावर ती इथे टांगलेली होती. आणि चाचींनी तर जायच्या तयारीने ट्रंक उन्हात टाकली होती.

म्हणून मी भाषेचा आसरा घेतला. पुढच्या गुरुवारचं पान असं होतं: "दुखानची खाडी: पाणी विचारात आहे. दुपारनंतर त्याचं मन वळण्याचा संभव. हवा गोड. मासा असल्यास धीर धरणाऱ्यास दिसेल." साहेबाने ते दोनदा वाचलं. मला वाटलं, गेली नोकरी. तो म्हणाला, आमच्याकडच्या पेपरात इतकं सुंदर लिहिणारा कुणी नाही. क्लबात काही मंडळी म्हणे फक्त पान वाचायला येऊ लागली. मासे पकडायचं त्यांनी सोडून दिलं.

घरी बायको म्हणाली, "यात भरतीची वेळ कुठाय?"

"साहेबाला लांबलचक वेळा आवडत नाहीत."

"मला एकदा बघायचीय. भरती. घेऊन चला."

मग माझ्या सबबींना भरती आली. वारा आहे. गाडी नाही. वाळूत विंचू आहेत. बायकांनी तिकडे जायची रीत नाही. चाची जाळीपलीकडून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे मेल्या, समुद्र काय तुझ्या बापाने गहाण ठेवलाय? पोरीला एवढासा दाखवायचा तर! काय गो, हा तिकडे दुसरा संसार तर करून नाय ना बसला?"

आणि ही गोष्ट चाचांकडून साहेबापर्यंत पोचली. साहेबाला खेद वाटला. इतका सुंदर लिहिणारा माणूस, आणि त्याच्या बायकोने ते पाणी पाहिलं नाही! शुक्रवारी तो स्वतः जीप घेऊन दारात उभा राहिला, टोपी काढून. "मेमसाब, यल्ला." यल्ला म्हणजे चला; त्याला अरबी एवढंच येत होतं.

तिने वेळ स्वतः काढली होती. मी बोटांवर पाढा म्हणताना तिला पाहिलं, अंगठा पेरांवर सरकताना. बुरख्याची कड दातात धरून ती जीपमध्ये बसली, आणि वाटभर एक शब्द नाही. लहान मूल जत्रेला जाताना गप्प असतं, तसं.

जीप थांबली. समोर वाळू. लांब, फार लांब, ती चांदीची तार.

ती उतरली. चपला काढून हातात घेतल्या, पाणी पायापर्यंत येणार अशा बेताने. उभी राहिली. वारा पडला होता, ओल्या वाळूत आभाळ सांडलं होतं आणि त्यावर समुद्रपक्षी आपल्याच पायांवर उलटे उभे असल्यासारखे दिसत होते. मी इतकं सुंदर दृश्य पूर्वी पाहिलं नव्हतं आणि इतका घाबरलोही नव्हतो.

"वेळ बरोबर आहे ना?" ती म्हणाली.

"बरोबर आहे."

"मग बावांचा हिशेब चुकला?"

मी म्हणालो, "इथलं पाणी जरा... आळशी आहे."

"रोज असंच असतं?"

"असतं."

"म्हणजे मी व्हरांड्यात बसून म्हणायचे, आता भरली," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेव्हा इथे हे असं असायचं." आणि चपला परत पायात घातल्या.

साहेबाला यातलं काही कळलं नाही. तो आपल्या खुर्चीवर बसून पाण्याची वाट बघत होता. उन्हं कलल्यावर पाणी आलं, त्याने पिसांच्या माश्या ठेवून दिल्या आणि साध्या गळाला कणकेची गोळी लावून चार-पाच सफी काढल्या. सफी हा इथला चपटा, ठिपक्यांचा मासा, खायला गोड. त्याने मोठ्या कौतुकाने एक मासा माझ्यासमोर धरला. समुंदर का आदमी. मी तो घट्ट पकडला, जसा एखाद्याचा हात हातात घ्यावा.

सफीच्या परांना काटे असतात आणि काट्यांत विष असतं, हे कोकणातलं कुठलंही पोर सांगेल, फक्त डोंगराकडचं नाही सांगणार. माझा ओरडा ऐकून समुद्रपक्षी उडाले. आयुष्यात हातात घेतलेला तो माझा पहिला जिवंत मासा.

हात मनगटापर्यंत सुजला. दवाखान्यात म्हणाले, गरम पाण्यात बुडवून ठेवा, सोसेल तेवढं गरम. बायकोने मोठी परात काढली, रोज संध्याकाळी पाणी तापवून शेक द्यायची. सगळं करायची, पण गप्प. व्हरांड्यात बसणं बंद. "आता भरली" बंद. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिचे दोन चांगले कपडे चाचींच्या ट्रंकेत वरच्यावर ठेवलेले. चाचींनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. चाचींसारखी बाई बोलत नाही म्हटल्यावर मला काय ते समजलं.

तिसरी संध्याकाळ. मी पाटावर, मांडीवर परात, परातीत माझा तो भोपळ्यासारखा हात. समोर बायको. चाची बाजूला भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळताहेत. बाहेर आभाळाची कड नारिंगी. मी साहेबाच्या तळ्यांचा विचार करत होतो. तिथलं पाणी किती शहाणं, वाटलं मला. येत नाही, जात नाही, कुणाची बायको पळवत नाही.

पाणी निवलं म्हणून तिने किटलीतलं ओतायला परातीची कड आपल्याकडे ओढली. सगळं पाणी तिच्या बाजूला गेलं. माझी बोटं उघडी पडली.

"अगं, माझा हात कोरडा झाला."

तिने किटली तशीच धरून ठेवली. परातीकडे बघत राहिली. मग हळूच कड सोडली. पाणी सळकन माझ्याकडे आलं, हात बुडाला, तिची बाजू उघडी पडली. परत ओढली. परत सोडली.

"काय गो," चाची म्हणाल्या, "नवऱ्याचा हात पाखडतेस काय?"

"चाची, थांबा." तिचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. "अहो, एका भांड्यातलं पाणी. मी म्हणायचे ना? पण एका भांड्यातलं पाणी दोन्ही कडांना एकदम कसं चढेल? ते इकडून जाईल तेव्हाच तिकडे चढेल ना!"

मी म्हणालो, "हो."

"म्हणजे बावांचा हिशेब चुकला नाही."

"मुळीच नाही."

"तिकडची खाडी भरायची वेळ झाली, म्हणून इकडचं पाणी निघालं. त्या दिवशी आपण उभे होतो तेव्हा ते..." परातीतल्या पाण्यावर जाळीतून आलेला तो नारिंगी उजेड हलत होता. "तेव्हा ते तिकडे गेलं होतं. आमच्या दारात."

हे शास्त्राला धरून आहे की नाही, मला माहीत नाही. साहेबाला विचारलं असतं तर त्याने खिशातून पेन्सिल काढली असती, म्हणून मी कधी विचारलं नाही. मी फक्त इतकंच पाहिलं, की ती परात माझ्या मांडीवर सोडून उठली, माझा हात गार पाण्यात तसाच ठेवून, आणि चाचींच्या ट्रंकेतून आपले दोन कपडे काढून परत दोरीवर टाकले. ते ओले नव्हते. ते दोरीवर का टाकले, तेही विचारलं नाही.

चाची म्हणाल्या, "चला, माझ्या ट्रंकेत जागा झाली. आता ती खजुराची बरणी मावेल." आणि पदराने नाक पुसलं.

त्या गुरुवारी मी एका हाताने टाइप केलं. सासऱ्यांची वेळ काढली, आणि त्या वेळेपुढे भरतीच्या जागी ओहोटी लिहिली. बाकी पान कोरडं ठणठणीत, एकही विशेषण नाही. एका हाताने विशेषणं परवडत नाहीत. साहेब जरा हिरमुसला, पण त्या वेळांवरून त्याने पाणी परतायची घडी हेरली आणि शुक्रवारी एक हमूर मासा काढला, लहान पोराएवढा. अर्धा आमच्याकडे आला. बायकोने सोलं घालून सालन केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, साहेब पाटावर बसून जेवला आणि म्हणाला, हा ट्राउटपेक्षा चांगला आहे. मग खिडकीबाहेर बघत राहिला. खोटं बोलल्यावर माणूस बघतो तसं. त्याच्या तळ्यांवर तेव्हा बर्फ पडायला लागलं असेल.

चाची गेल्या. जाताना बायकोने त्यांच्याजवळ तोंडी निरोप दिला. आमच्याकडे महत्त्वाचे निरोप कागदावर घालत नाहीत, कागद भिजतो. "बावांना सांगा, पोरगी बरी आहे. आणि सांगा, तुमची खाडी भरते ते आमच्याकडून जातं. होडीत बसताना ध्यानात ठेवा."

"बापाला येडा करशील," चाची म्हणाल्या. "सांगते."

मग आम्ही शुक्रवारी किनाऱ्यावर जाऊ लागलो. साहेब मासे धरायचा, आम्ही पाणी पोचवायचो. ते निघायला लागलं की बायको वाळूवर बसायची. पाणी कसं जातं ते मी तिच्यामुळे पाहिलं. आधी काठाशी एक ओली रेघ राहते. मग छोटे खड्डे आपल्यापुरतं आभाळ ठेवून घेतात. मग एकदम खूप प्रकाश होतो. ती बराच वेळ बघायची, आणि अंदाजाने कधीतरी म्हणायची, "पोचलं असेल."

जानेवारीत चाचा रजेवरून परत आले. सामान उतरवायच्या आधी आमच्या दारात उभे राहिले. सासऱ्यांना भेटून आले होते.

"निरोप दिलात?" बायकोने विचारलं.

"दिला."

"काय म्हणाले बावा?"

चाचा दमलेले होते, आणि मुळात गंभीर माणूस. जसं सांगितलं होतं तसं त्यांनी पोचवलं. "म्हणाले, समजलं. म्हणाले, पोरीला सांगा, जरा बेताने सोड. मागच्या उधाणाला पाणी पार ओटीच्या पायरीला लागलं, माझी कोंबडी खुराड्यासकट निघाली होती."

मी हसलो. चाचा हसले नाहीत, बायकोही हसली नाही. "हो का," असं काळजीने म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

त्या शुक्रवारी चांद पुरता भरलेला होता. आम्ही पोचलो तेव्हा पाणी नुकतंच निघालं होतं, थंडीचे दिवस म्हणून काचेसारखं निवळ. साहेबाच्या पेपरात असतं तसं. बायकोने चपला काढल्या, थोडी आत गेली आणि त्या ओसरत्या पाण्यात पाऊल आडवं धरून उभी राहिली. पाणी घोट्याला वळसा घालून जात होतं.

"काय करतेस?" मी काठावरून विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "जरा हळू जाऊ दे."